घरखर्चाचा हिशोब: वही, शीट की अ‍ॅप?

जमाखर्च ठेवायचं मनावर घेतलं की बहुतेक जण आधी विचारतात, कोणतं अ‍ॅप चांगलं? त्याआधी घरातला पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो ते बघा. रोखीने जातो, यूपीआयने, क्रेडिट कार्डाने, की नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या खात्यांतून? साधन निवडायचं ते यावरून.

सगळ्यात कमी कष्टाचा पर्याय म्हणजे बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारी अ‍ॅप. एकट्याने राहणारा, पगार एकाच खात्यात, बहुतेक खर्च कार्डावर आणि हातात अँड्रॉइड फोन, अशा माणसाला ती सोयीची आहेत. आयफोनवाल्यांनी हा पर्याय सोडूनच द्यावा, कारण अ‍ॅपल कुठल्याही अ‍ॅपला मेसेजचा इनबॉक्स वाचू देत नाही.

अडचण अशी की आता प्रत्येक खर्चाचा मेसेज येतोच असं नाही. एचडीएफसी बँकेने 25 जून 2024 पासून 100 रुपयांपर्यंतच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. यूपीआय लाइट या छोट्या खर्चासाठीच्या फोनमधल्या पाकिटातून दिलेले पैसे तर पासबुकातही एकेक करून उमटत नाहीत, लाइटमध्ये एकदम टाकलेली रक्कम तेवढी दिसते. म्हणजे चहा, वडापाव, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी असे जे खर्च महिनाअखेरीला आठवत नाहीत, तेच निसटतात. दुसरा घोळ दोनदा मोजण्याचा. कार्डावर 3,200 रुपयांचे कपडे घेतले, त्याची एक नोंद झाली. पुढे कार्डाचं बिल भरलं, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. हा नवा खर्च नाही, जुन्याचाच भरणा आहे, हे अ‍ॅपला कळलं नाही तर हिशोबात 6,400 लागतात. बायकोच्या खात्यात पाठवलेले पैसे किंवा सहा मित्रांच्या वतीने भरलेलं हॉटेलचं बिल यांचंही तेच होतं. आठवड्यातून एकदा बसून नोंदी तपासणार नसाल, तर त्या रंगीत आलेखांवर विसंबू नका.

शिवाय फुकट अ‍ॅपची कमाई कशावर चालते, हेही पाहून घ्या. एकेकाळी घरोघरी माहीत असलेलं वॉलनट हे एसएमएस वाचणारं अ‍ॅप 2018 मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं आणि पुढे ते अ‍ॅक्सिओ नावाने चालू लागलं. त्यात बेकायदा काही नाही. पण पगार, हप्ते, थकबाकी दाखवणारे मेसेज वाचायची परवानगी देताना समोर कोण आहे ते माहीत असावं. मला स्वतःला ही किंमत जास्त वाटते.

खात्यांची माहिती देण्याचा अधिक शिस्तीचा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचा, म्हणजे तुमच्या संमतीने खात्याची माहिती अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थाचा. ही व्यवस्था सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाली. माहिती कशासाठी आणि किती काळ हवी ते संमतीत लिहिलेलं असतं आणि संमती मागेही घेता येते. दोन अ‍ॅपमध्ये निवड करायची असेल तर यावर चालणारं घ्या. रोखीचा खर्च मात्र त्यालाही दिसत नाही.

रोखीसाठी वहीच बरी. दूध, पेपर, घरकामाच्या मावशी, इस्त्री, भिशी असे खर्च ज्या घरात रोखीने होतात तिथे फ्रिजवर ठेवलेली शंभर पानी वही कोणीही भरू शकतं, आजीसुद्धा. उणीव बेरजांची. मार्चमध्ये बसून वर्षभराचा औषधांचा खर्च काढायचा म्हणजे बारा महिन्यांची पानं चाळणं आलं.

दोघं कमावते असतील तर माझं मत स्पष्ट आहे: गूगल शीट. एक गूगल फॉर्म करा, त्यात चारच रकाने: रक्कम, प्रकार, कोणी दिले, कशातून दिले. तारीख आपोआप पडते. फॉर्मची लिंक दोघांच्या फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. भाजीवाल्यापाशी उभं राहूनही नोंद होते. प्रकार दहा-बाराच्या वर नेऊ नका, नाहीतर 'साबण किराण्यात की इतर खर्चात' यावर वेळ जातो. दुसऱ्या पानावर सम-इफ्स (SUMIFS) या सूत्राने प्रत्येक प्रकाराची महिन्याची बेरीज काढा. सुपरमार्केटच्या 2,840 च्या बिलात किराणा, चपला आणि मुलाची पाण्याची बाटली असेल तर तीन नोंदी करता येतात. आपोआप चालणाऱ्या अ‍ॅपला ती फोड कळणं शक्यच नाही. आणखी एक रकाना वार्षिक खर्चांचा: शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, गणपती, दिवाळी. त्यांची बेरीज भागिले बारा, एवढी रक्कम दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकली की जूनमध्ये कार्डावर भार येत नाही.

पगार झाल्याबरोबर पैसे पाकिटांत वाटून ठेवणारी घरं अजून आहेत. तीच पद्धत फोनवर हवी असेल तर गुडबजेट किंवा वायनॅब. वायनॅब विचारपूर्वक बनवलेलं आहे, पण 2024 मध्ये त्याची वर्षाची वर्गणी 109 डॉलर होती आणि भारतीय बँका त्याला थेट जोडता येत नाहीत, म्हणजे नोंदी हातानेच. इथे राहणाऱ्याने एवढे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. अमेरिकेत असाल तर बँक जोडता येते, तिथे विचार करायला हरकत नाही.

ग्नूकॅश हे हिशोबाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जमा-नावे पद्धतीने चालतं. गृहकर्ज, म्युच्युअल फंड, भाड्याचं घर आणि छोटा व्यवसाय असं सगळं एकत्र पाहायचं असेल तर त्याच्या तोडीचं दुसरं मला सापडलेलं नाही. नुसत्या घरखर्चासाठी ते जड पडतं.

काहीही निवडलंत तरी पहिल्याच आठवड्यात सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, बाहेर काढून पाहा. अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांतही वापरात असलेलं मिंट हे हिशोबाचं अ‍ॅप मार्च 2024 मध्ये बंद झालं. त्याआधी ज्यांनी ती फाइल उतरवून घेतली, त्यांचा जुना हिशोब आज कुठल्याही शीटमध्ये उघडतो.