फंक्शनल ट्रेनिंग, वर्षभराच्या वर्गणीनंतर: व्यायाम छान, फळा तेवढा काढा

खांदा गेला म्हणून फंक्शनल ट्रेनिंगच्या जिमची मेंबरशिप दोन महिने थांबवायला गेलो. फॉर्मवर कारणांच्या चौकटी होत्या: प्रवास, बदली, बाळंतपण. दुखापत नाही! दिवसभर लोकांना लोखंड डोक्यावर उचलायला लावणाऱ्या जागेच्या फॉर्मवर दुखापत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "प्रवासावर टिक करा ना, मी पास करून घेतो." मी केली नाही. मग अर्ज नामंजूर झाला. पैसे एकरकमी भरलेले, परत मिळणार नाहीत, तेव्हा एका हाताने का होईना, जात राहिलो. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्या काळात कळलेलं आहे.

एमरॅप, इमॉम, बर्पी वगैरे व्यायामाची नावं समजावत बसत नाही. दम, ताकद, पाठीचा ताठपणा या तिन्हींत फरक पडला आणि तो लवकर पडला. कंटाळा कधी आला नाही. हे गुण मान्य करून मुद्द्यावर येतो.

माझा राग फळ्यावर आहे. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येकाचं नाव, वेळ आणि पुढे 'आरएक्स', म्हणजे लिहून दिलेल्या वजनाने, ठरलेल्या पद्धतीने केलं. वजन कमी केलं किंवा पुलअपला रबर बँड लावला तर 'स्केल्ड'. एवढीशी खूण, पण तिच्यासाठी माणसं काय काय करतात! ज्या दिवशी माझा खांदा बोलला त्या दिवशी 'फ्रॅन' नावाचा ठरलेला व्यायाम होता: तीन फेऱ्यांत २१, १५, ९ असे थ्रस्टर (बार खांद्यावर घेऊन बैठक, उठताना डोक्यावर) आणि पुलअप, पुरुषांसाठी ४३ किलो, घड्याळ लावून. थ्रस्टरने खांदे आणि दम आधीच संपवलेला असतो आणि तसंच बारला लटकायचं. कोच मार्कर हातात घेऊन फळ्यापाशी उभा होता. माझा उजवा खांदा सुटल्यासारखा झाला तेव्हाही तो फळ्यापाशीच होता.

किपिंग पुलअपबद्दल स्पष्ट सांगतो. स्ट्रिक्ट पुलअपमध्ये पाठ आणि दंड तुम्हाला वर ओढतात. किपिंगमध्ये अंगाच्या झोक्याचा जोर वापरता, म्हणून आकडा वाढतो. पण खाली येताना त्याच झोक्यासकट सगळं वजन लटकलेल्या खांद्यावर येतं आणि ते सावरायचं काम रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या, लहान स्नायूंकडे असतं. ते ताजे असतील तर निभावतात. फ्रॅनच्या दुसऱ्या फेरीत ते ताजे नसतात. काही स्ट्रिक्ट पुलअप नीट आल्याशिवाय किपिंगला हात लावू नये, हे बहुतेक चांगले कोच सांगतात. आमच्याकडेही सांगतात, फक्त फळा लिहून व्हायच्या आत नाही.

फिजिओने हात बाजूने वर न्यायला सांगितला. साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे कळ, त्याच्या वर गेलं की कमी. तेवढ्यावर त्याने रोटेटर कफच्या टेंडनकडे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीकडे, बोट दाखवलं. पुढचे कित्येक आठवडे टी-शर्ट काढताना आधी डावा हात, मग डोकं, मग उजवा असा क्रम होता.

रागाच्या भरात ठरवलं होतं की हा प्रकारच घातक आहे असं लिहायचं. त्यासाठी आकडे शोधायला बसलो आणि पंचाईत झाली. २०१३ च्या एका पाहणीत क्रॉसफिट (याच धाटणीच्या व्यायामाचा प्रसिद्ध ब्रँड) करणाऱ्या १३२ जणांपैकी ७३.५ टक्क्यांना कधी ना कधी दुखापत झालेली निघाली. वाचून बरं वाटलं. पण त्याच पाहणीत दर होता हजार तासांमागे ३.१. नवख्या धावपटूंचा दर, २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, हजार तासांमागे १७.८! म्हणजे मला 'त्यापेक्षा पळायला जा' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. अर्थात पहिला आकडा ऑनलाइन प्रश्नावलीचा आहे. ज्यांना भरावीशी वाटली त्यांनी भरली. आणि दुखापत कशाला म्हणायचं हे प्रत्येक अभ्यासात वेगळं, त्यामुळे तुलनाही ढोबळच.

दुसऱ्या बाजूचीही गंमत आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१३ च्या शोधनिबंधात क्रॉसफिटसारख्या व्यायामाच्या कार्यक्रमातून १६ टक्के लोक दुखापत किंवा अतिताणामुळे गळाले असं छापलं होतं. क्रॉसफिट कंपनीने प्रकाशक संस्थेला कोर्टात खेचलं, २०१५ मध्ये दुरुस्ती छापली गेली आणि २०१७ मध्ये निबंधच मागे घेतला गेला. तो १६ चा आकडा अजूनही कुणी तोंडावर फेकला तर ही हकीकत ऐकवा.

मला पटला तो क्रॉसफिटवाल्यांवरचाच २०१४ चा अभ्यास. ३८६ जणांत सुमारे १९ टक्क्यांना दुखापत, सगळ्यात जास्त खांदे आणि कंबर. खांद्याच्या बऱ्याचशा जिम्नॅस्टिक प्रकारांत, कंबरेच्या वजन उचलण्यात. आणि जिथे कोच जातीने लक्ष घालतो तिथे दुखापती कमी. हे मी रोइंग मशीनवर बसून डोळ्यांनी पाहत होतो. डेडलिफ्टची (जमिनीवरून बार उचलण्याची) शेवटची फेरी, पाठ गोल झालेली, घड्याळ चालू, आणि कोच वेळ विचारतोय.

एक गोष्ट मात्र आकड्यांवर सोडू नका: रॅब्डोमायोलिसिस. स्नायू इतके फुटतात की त्यातला माल रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतो. नवे लोक आणि सुट्टीनंतर एकदम पूर्ण जोरात परतणारे जास्त धोक्यात. नेहमीच्या दुखण्यापलीकडचं दुखणं, सूज आणि गडद चहासारखी लघवी दिसली की त्याच दिवशी दवाखाना. बर्फ लावून वाट बघायची नाही.

आता अनपेक्षित भाग. फळा लागतो तो फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या बॅचला. खांद्यामुळे मी दुपारच्या बॅचला गेलो. माणसं मोजकी, दुसरी कोच, फळा कोरा. ती बारला हात लावू देण्याआधी खांद्याची पाती हलवून दाखवायला लावते, दोन आवर्तनं वाकडी गेली की प्लेट काढते. घड्याळ चालू असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. तोच व्यायाम, तीच फी. खांदा आता नव्वद टक्के, स्ट्रिक्ट पुलअप परत यायला लागलेत, किपिंग बंद.

म्हणून रेटिंग दोन देणार होतो ते साडेतीन करतोय. दुपारच्या बॅचला साडेचार. फॉर्मला शून्य. पुन्हा घेणार, पण महिन्याच्या महिन्याला. वर्षाचे पैसे आगाऊ मागितले तर आधी त्या चौकटींत दुखापत छापून आणा म्हणून सांगितलंय.