कलमी कॅक्टस की स्वतःच्या मुळांवरचा?

नर्सरीत लाल-पिवळा गोळा डोक्यावर घेतलेला कॅक्टस दिसला की हात आपसूक खिशात जातो. हा जिम्नोकॅलिशियम मूळचा पॅराग्वेकडचा. लाल जात मात्र १९४०च्या दशकात जपानमध्ये निघाली. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून तो ड्रॅगनफ्रूटच्या भाऊबंदाच्या हिरव्या खुंटावर (खालच्या मुळांच्या खोडावर) कलम होऊन जगतो. गंमत अशी, की खुंट वाढतो जोरात, वरचा पाहुणा हळू. दोघांचं फार वर्षं जमत नाही. खुंटाला फुटवा आला की लगेच खुडा.

स्वतःच्या मुळांवरचा हिरवा जिम्नोकॅलिशियम कूर्मगतीचा, दिसायला साधा. पण टिकतो, फुलतोही. पावसाळ्यात दोघांनाही पागोळ्यांपासून लांब ठेवा. मी स्वतःच्या मुळांवरचाच घेईन. लाल गोळा फारतर भेट द्यायला.