जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: डिचोलीतील एका घरातला काही महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी २०१५ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा पाचव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती आणि त्यावर विंडोज १० चालत असे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, त्यामुळे आमच्या यंत्रासाठी तो मार्ग बंद होता. या अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. परंतु अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळत राहतील याची हमी स्वतः मायक्रोसॉफ्टच देत नाही, आणि ज्या यंत्रावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात त्यावर तसला प्रयोग करणे मला योग्य वाटले नाही. म्हणून गेल्या वर्षीची चवथ आटोपल्यावर मी त्यावर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी संगणक-प्रणाली बसवली. तेव्हापासून वडील, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि मी असे चौघेजण ती रोज वापरत आहोत.

लॅपटॉप वेगवान झाला याचे श्रेय अनेकजण लिनक्सला देतात. माझ्या मते त्यातील मोठा वाटा एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसवलेल्या चिपांच्या साठवणीचा आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारे टोक तबकडीवर इकडून तिकडे सरकत राहते, आणि प्रणाली सुरू होताना शेकडो लहान फायली एकामागून एक वाचाव्या लागत असल्यामुळे सगळा वेळ त्या सरकण्यातच जातो. एसएसडीत हलणारा भागच नसतो. मी अडीच इंची साटा एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. त्यानंतर काही दिवस मुद्दाम विंडोज १०च चालवून पाहिले, तर तेही कितीतरी चपळ झाले होते. रॅम आणि एसएसडी या दोन्हींच्या किमती २०२५च्या अखेरीस चढू लागल्या; तरीही ज्यांना प्रणाली बदलायची नाही त्यांनीही आधी एसएसडीवर खर्च करावा, असेच मी सांगेन. काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नये. यूएसबी केसमध्ये घातली की ती छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवायला उपयोगी पडते.

मिंट बसवण्याच्या क्रियेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे प्रणालीची संपूर्ण प्रत, उतरवून घ्यावी, ती बिनचूक उतरली का हे तिथेच दिलेल्या पडताळणीच्या बेरजेशी (चेकसम) ताडून पाहावे आणि रुफससारख्या साधनाने ४ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवर चढवावी. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला की काहीही न बसवता मिंट चालवून पाहता येते. या टप्प्यावर मात्र घाई करू नये. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का आणि मुख्य म्हणजे वाय-फाय सापडते का, हे सगळे येथेच पाहून घ्यावे. काही वाय-फाय चिपांसाठी, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारी आज्ञावली, लागतो आणि तो उतरवायला इंटरनेटच हवे असते. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करावी. मिंट ती जोडणी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून उरलेले काम पूर्ण करता येते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी घरासाठी या बदलातला सर्वांत अवघड भाग प्रणालीचा नसून जुन्या मराठी फायलींचा आहे, आणि लिनक्सविषयीच्या इंग्रजी लेखांत त्याची दखल मला कुठे सापडली नाही.

देवळाच्या उत्सवात जी नाटके होतात, त्यांच्या संहिता टंकलिखित करण्याचे काम माझे वडील अनेक वर्षे करीत आले आहेत. त्याखेरीज आरत्या, भजनांच्या वह्या, उत्सवाच्या पत्रिका आणि समितीचा पत्रव्यवहार असा बराच ऐवज लॅपटॉपवर होता, आणि त्यातला बहुतेक युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखा चालणारा अक्षरसंकेत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे शिवाजी, कृतिदेव आणि तत्सम फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरे रोमनच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देतो. म्हणून फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. मिंटमधील लिबरऑफिस या वर्डसारख्या आज्ञावलीने या फायली उघडल्या तेव्हा असेच झाले, आणि नाटकांचा सगळा संग्रह गेला असे वडिलांना क्षणभर वाटले.

उपाय सोपा निघाला. जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधील टीटीएफ फायली पेन ड्राइव्हवर घेऊन मिंटमध्ये त्यांवर दोनदा क्लिक केले की त्या बसवण्याचा पर्याय येतो. त्यानंतर लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडले आणि सर्व संहिता जशाच्या तशा दिसू लागल्या. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर त्याचा परवाना तेवढा पाहून घ्यावा. श्रीलिपीसारख्या संचांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचा कळफलक चालवणारी आज्ञावली विंडोजसाठी असते. तिथे फॉन्ट बसवून जुने लेखन वाचता आले तरी त्याच सवयीने नवे लेखन करता येत नाही.

परंतु वाचता येणे एवढ्यावर थांबू नये, असे माझे मत आहे. आजकाल नाटकातील कलाकारांना संहिता फोनवर हवी असते आणि फोनवर हे जुने फॉन्ट नसतात. पीडीएफ करून पाठवली तर दिसते नीट, कारण फॉन्ट फाइलच्या आत जातो; पण तिच्यातील एखादा संवाद शोधायला गेल्यास सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवल्यास पुन्हा रोमन कचरा हाती येतो. म्हणून आम्ही एकेक संहिता युनिकोडमध्ये आणत आहोत. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलटे असते. साध्या अक्षरांत साधन ही अदलाबदल बरोबर करते, पण जोडाक्षर आले की वेलांटी पुष्कळदा भलत्याच अक्षराला चिकटते. चुका शोधण्याची एक युक्ती उपयोगी पडली. ज्या वेलांटीला आधाराचे अक्षर उरत नाही, तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. म्हणून शोधखिडकीत एक मोकळी जागा आणि तिच्यापुढे नुसती वेलांटी घालून शोधले की शब्दाच्या सुरुवातीला लटकणाऱ्या अशा सर्व चुका एकामागून एक समोर येतात. रफाराच्या चुका मात्र वाचूनच काढाव्या लागतात, आणि वडिलांना संवाद पाठ असल्यामुळे त्या कामात त्यांचा वेग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

नव्या लेखनासाठी घरात दोन पद्धती नांदत आहेत. मी इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळफलकाची पद्धत वापरतो. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय गटात मराठीचा पर्याय निवडला की ती लगेच मिळते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र कसा काढायचा असे अनेकजण विचारतात: शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ येतो, त्यानंतर D ही कळ दाबून त्याचा पाय मोडावा आणि पुढचे अक्षर टंकावे. मुलीला रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय आहे. तिच्यासाठी आयबस आणि एम१७एन हे दोन संच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावे लागले, ज्यांत मराठीची आयट्रान्स पद्धत आहे. फोनवरील कळफलकासारखे शब्द ती सुचवत नाही. याबद्दल मुलीची तक्रार अजून मिटलेली नाही, आणि ती रास्त आहे.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक सेटिंग आवर्जून करावे. भाषांच्या विभागात संयुक्त लिपींचा आधार चालू करून तिथे मराठी निवडावे. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श यांची सोय केलेली असते, त्यात ते वळण भाषा मराठी ठेवल्यावरच दिसते. नाहीतर अक्षरे हिंदी वळणाची येतात. आमच्या वडिलांच्या पिढीला हा फरक पहिल्याच ओळीत खटकतो.

रोजच्या बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात सांगता येईल. बँक, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, मुलीच्या महाविद्यालयाचे अर्ज हे सगळे ब्राउझरमध्ये होते, आणि तिथे विंडोज व मिंट यांत फरक जाणवत नाही. मिंटमधील ‘वेब ॲप्स’ या सोयीने व्हॉट्सॲप वेबचे स्वतंत्र चिन्ह पडद्यावर ठेवता येते; वडिलांसाठी ते केले आणि ब्राउझर शोधण्याचा त्यांचा त्रास संपला. फोनवरील छायाचित्रे केबलने किंवा वॉरपिनेटर या फायली पाठवणाऱ्या साधनाने घरच्याच वाय-फायवरून लॅपटॉपवर येतात. चित्रपट दाखवणाऱ्या काही सेवा लिनक्सवर पूर्ण एचडी देत नाहीत, पण आमच्या लॅपटॉपचा पडदाच मुळात तेवढा बारकाईचा नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

छपाईने मात्र डोके खाल्ले. घरातील जुना लेझर प्रिंटर विंडोजवर निमूटपणे चालत असे. मिंटवर त्याचा ड्रायव्हर बसला, एखादे पान छापले गेले आणि पुढच्या वेळी प्रिंटर गप्प. बऱ्याच खटपटीनंतर मी तो नाद सोडला. अलीकडचे वाय-फाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात, कारण त्यांत फोनवरून छपाईसाठी जी सामाईक पद्धत असते तीच लिनक्सही वापरते, आणि एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठीचा संच मिंटमध्ये आधीपासून असतो. ज्यांचा प्रिंटर जुना आहे त्यांनी प्रणाली बदलण्यापूर्वी ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाच्या यादीत त्याचा क्रमांक शोधावा. छपाई हेच घरचे मुख्य काम असेल आणि प्रिंटर त्या यादीत नसेल, तर मी मिंटचा आग्रह धरणार नाही.

आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज जाण्याचे प्रमाण वाढते, आणि लॅपटॉपची जुनी बॅटरी दमलेली असल्यामुळे वीज गेली की यंत्रही बंद पडते. अद्यतन चालू असताना असे एकदा झाले आणि नंतर पॅकेज अर्धवट राहिल्याची सूचना येऊ लागली. ‘टाइमशिफ्ट’ने आदल्या दिवशीची प्रणालीची प्रत ठेवलेली होती, ती परत आणल्यावर यंत्र पूर्ववत झाले. ही सोय मिंटमध्ये आधीपासून असते, पण ती एकदा उघडून वेळापत्रक ठरवून द्यावे लागते. ती प्रणालीच्या फायली जपते, आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे नव्हे. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. आमच्याकडे ती त्या काढलेल्या हार्ड डिस्कवर असते, आणि पावसाळ्यात बुरशी चढू नये म्हणून ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो.

जे काम मिंटवर होत नाही तेही सांगायला हवे. माझ्या भावाला जीएसटीसाठी यूएसबी टोकनमधील डिजिटल सही लागते. तिचे ड्रायव्हर आणि सही करणारी आज्ञावली आम्ही मिंटवर धडपणे चालवू शकलो नाही, आणि तो अजून विंडोजच वापरतो. माझे स्वतःचे प्राप्तिकर विवरणपत्र संकेतस्थळावर थेट भरून आधारच्या ओटीपीने पडताळता येते, त्यामुळे मला अडचण आली नाही. मात्र खात्याची एक्सेलमधील मॅक्रो असलेली फाइल वापरणाऱ्यांनी ती लिबरऑफिसमध्ये चालेल अशी आशा धरू नये. भावाच्या संगणकावरही विंडोज १०च आहे. त्याने मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नाव नोंदवले, जी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगची प्रत त्यांच्या क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. एरवी रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर द्यावे लागतात. सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो. मिंट २२ला २०२९पर्यंत अद्यतने मिळणार असल्यामुळे आमच्या लॅपटॉपला तूर्त ती घाई नाही. भावाने मात्र ऑक्टोबरच्या आत नवे यंत्र घ्यायचे ठरवले आहे.