पोस्टसीएसएस : जुन्या स्टाइलशीटच्या दुरुस्तीसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे जो सांभाळतो, त्याच्या हाती येणारी स्टाइलशीट (पानाचे रंग, अक्षरे व मांडणी ठरवणारी सीएसएस फाइल) बहुधा त्याने स्वतः लिहिलेली नसते. ती कुणीतरी फार पूर्वी विकत घेतलेल्या टेम्प्लेटमधून आलेली असते, नंतरच्या दोघातिघांनी तिच्यात आपापल्या पद्धतीने भर घातलेली असते, आणि मालकाची अपेक्षा एवढीच असते की मराठी मजकूर नीट दिसावा व बाकीचे काही हलू नये. अशा कामासाठी मी पोस्टसीएसएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी नियमितपणे वापरतो आणि हा अभिप्राय त्याच वापरापुरता आहे. नव्या प्रकल्पात ती ऑटोप्रिफिक्सरसारख्या (ब्राउझरनुसार लागणारे उपसर्ग जोडणाऱ्या) साधनाबरोबर आपोआप येऊन बसते, त्यामुळे तिच्याकडे स्वतंत्रपणे कुणाचे लक्ष जात नाही; परंतु स्टाइलशीट वाचणे, तिच्यात मोजकाच बदल करणे आणि ती पुन्हा लिहून काढणे, या कामाचे साधन म्हणून तिचा नीट विचार व्हायला हवा.

आंद्रेई सिटनिक यांनी २०१३ मध्ये ही लायब्ररी सुरू केली. ऑटोप्रिफिक्सरही त्यांचेच. सध्या वापरात असलेली आठवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली. परवाना एमआयटी असल्यामुळे ग्राहकाच्या व्यावसायिक कामात ती वापरताना कोणतेही शुल्क भरावे लागत नाही.

स्टाइलशीटचा मजकूर तिच्या पार्सरला, म्हणजे मजकूर वाचून त्याचे भाग सुटे करणाऱ्या घटकाला, दिला की त्याचे एक झाड तयार होते. सर्वांत वर रूट, त्याखाली रूल (पानाचा कोणता भाग हे सांगणारा सिलेक्टर आणि त्या भागासाठीचे नियम), मीडिया किंवा फॉन्ट-फेससारखे ॲट-रूल, त्यांच्या पोटात डिक्लेरेशन (प्रॉपर्टी आणि तिची व्हॅल्यू यांची जोडी), आणि जिथे असतील तिथे कॉमेंट. एवढे तर कोणतीही पार्सर लायब्ररी करते. पोस्टसीएसएसचे वेगळेपण असे की ती प्रत्येक नोडबरोबर, म्हणजे झाडातील प्रत्येक घटकाबरोबर, ‘रॉज’ नावाचा एक कप्पा ठेवते आणि त्यात त्या नोडच्या आधीची मोकळी जागा, कोलनच्या दोन्ही बाजूंचे अंतर, ब्लॉकमधील शेवटच्या डिक्लेरेशननंतर अर्धविराम होता की नव्हता, अशी एरवी फेकून दिली जाणारी माहिती जपून ठेवते. परिणामी, झाडात काहीही न बदलता ते पुन्हा मजकुरात उतरवले तर मूळ फाइल अक्षर न् अक्षर परत मिळते, आणि एकच व्हॅल्यू बदलली तर तेवढीच व्हॅल्यू बदललेली दिसते. साखळीची एक कडी तुटली म्हणून सराफ अख्खी साखळी आटवत नाही, तसेच हे काम आहे.

हा गुण वरवर किरकोळ वाटतो, पण माझ्या दृष्टीने लायब्ररीची निवड याच मुद्द्यावर ठरते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली की फक्त बदललेल्या ओळी दिसतात, त्यामुळे भुसावळला बसलेला सहकारी तो बदल वाचून मान्य किंवा अमान्य करू शकतो. फाइलची मांडणीच बदलून गेली असती, तर हजारो ओळींत नेमके काय बदलले हे कुणालाच तपासता आले नसते, आणि न तपासलेला बदल ग्राहकाच्या चालू संकेतस्थळावर चढवणे मला मान्य नाही. नवा नोड घालतानाही हीच काळजी घेतली जाते: नव्या नोडला स्वतःचे रॉज नसतात, तेव्हा लायब्ररी त्याच फाइलमधील इतर नोड पाहून इंडेंटेशन ठरवते, म्हणून टॅबने लिहिलेल्या फाइलमध्ये नवा रूलही टॅबनेच येतो.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. एखाद्या व्हॅल्यूच्या मधोमध कॉमेंट असेल, तर वाचताना ती व्हॅल्यू कॉमेंटशिवाय मिळते आणि कॉमेंटसह असलेले मूळ रूप रॉजमध्ये राहते. व्हॅल्यूला हात लावला नाही तर लिहिताना मूळ रूप वापरले जाते, पण व्हॅल्यू बदलताच ते रूप सोडून दिले जाते आणि कॉमेंटही त्याबरोबर जाते. रंग का निवडला याची नोंद काही जण नेमकी तिथेच लिहून ठेवतात, त्यामुळे बदल करण्यापूर्वी अशा कॉमेंट शोधून बाजूला काढणे शहाणपणाचे.

मराठी संकेतस्थळांवर या लायब्ररीचा खरा कस लागतो तो लेटर-स्पेसिंगच्या, म्हणजे अक्षरांमधील अंतराच्या, दुरुस्तीत. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना हमखास दोन-तीन पिक्सेलचे लेटर-स्पेसिंग दिलेले असते. रोमन अक्षरांत ते शोभून दिसते. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षरसमूहानंतर फट पडते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. रावेर-सावदा पट्ट्यातील केळी व्यापाऱ्याच्या पानावर ‘आजचे बाजारभाव’ हे शीर्षक असे तुकड्यातुकड्यांत दिसले की वाचणाऱ्याचा त्या पानावरचा विश्वासच कमी होतो. लेटर-स्पेसिंग सरसकट काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण त्याच व्यापाऱ्याची निर्यातीसाठीची इंग्रजी पाने त्याच स्टाइलशीटवर चालतात. योग्य उपाय असा की ज्या ज्या रूलमध्ये लेटर-स्पेसिंग आहे, त्याच्या लगेच खाली त्याच सिलेक्टरला मराठीचा लँग सिलेक्टर (फक्त मराठी मजकुराला लागू होणारी अट) जोडलेला एक सोबती रूल घालावा आणि त्यात लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’ करावे. लँग सिलेक्टरमुळे स्पेसिफिसिटी, म्हणजे रूलचे वजन, एका क्लासइतकी वाढते, त्यामुळे सोबती रूल मूळ रूलवर मात करतो. आणि मूळ डिक्लेरेशनची प्रत काढून वापरली तर त्यावरची ‘इम्पॉर्टंट’ ही अग्रक्रमाची खूणही प्रतीत उतरते.

सोबती रूल घालणारे प्लगइन, म्हणजे लायब्ररीला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिताना पोस्टसीएसएसचा स्वभाव पुरता कळतो. आठव्या आवृत्तीत व्हिजिटर पद्धत आली: आपण रूल किंवा डिक्लेरेशन या नावाने फंक्शन द्यायचे आणि झाडावरून फिरण्याचे काम लायब्ररीने करायचे. या फेरीत जो नोड बदलला किंवा नव्याने आला, तो पुन्हा प्लगइनपुढे आणला जातो. अनेक प्लगइन एकत्र चालताना हे फार उपयोगी पडते, कारण एकाने निर्माण केलेला नोड दुसऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. पण आपला सोबती रूलही लेटर-स्पेसिंग असलेलाच रूल असतो. तो पुन्हा समोर येतो, त्यालाही सोबती मिळतो, आणि ही साखळी थांबतच नाही. हाताळलेल्या नोडवर सिम्बॉल या जावास्क्रिप्टमधील अनन्य ओळखीने खूण करून ठेवावी, असे दस्तऐवजात सांगितले आहे आणि तो उपाय चांगला आहे. एकदाच करायच्या दुरुस्तीसाठी मात्र ‘वन्स’ हे फंक्शन घेऊन जुन्या ‘वॉक’ पद्धतीने फिरणे मला अधिक स्वच्छ वाटते. तिथेही एक गोष्ट सांभाळावी लागते: चालू नोडच्या आधी घातलेला नोड त्या फेरीत पुन्हा भेटत नाही, पण नंतर घातलेला भेटतो. म्हणून आधी सर्व रूल एका यादीत गोळा करावेत आणि फेरी संपल्यावरच सोबती रूल घालावेत. दस्तऐवजात हा फरक ठळकपणे दिलेला असायला हवा होता.

दुसरी अडचण कीफ्रेम्सची. ॲनिमेशनच्या ब्लॉकमधील ‘फ्रॉम’, ‘टू’ आणि टक्केवारीचे टप्पे हेसुद्धा या झाडात रूल म्हणूनच येतात. त्यांना लँग सिलेक्टर जोडला तर तो टप्पा अवैध ठरतो आणि ॲनिमेशन बिघडते. पालक नोड कीफ्रेम्सचा ॲट-रूल आहे का, आणि जुन्या ब्राउझरचे उपसर्ग लावलेला आहे का, हे तपासणे ही प्लगइन लिहिणाऱ्याचीच जबाबदारी ठरते.

तिसरी अडचण सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि माझी मुख्य तक्रारही तीच आहे. पोस्टसीएसएस सिलेक्टर आणि व्हॅल्यू यांच्या आत शिरत नाही. दोन्ही तिच्या लेखी साधा मजकूर आहेत. स्वल्पविरामाने वेगळे केलेले सिलेक्टर ती कंसांचे भान ठेवून सुटे करून देते, पण त्यापुढे काही नाही. ‘बिफोर’ या स्यूडो-एलिमेंटवर (सीएसएसने निर्माण केलेल्या आभासी भागावर) संपणाऱ्या सिलेक्टरच्या शेवटी लँग जोडला तर तो सिलेक्टर अवैध होतो, आणि यादीतील एक सिलेक्टर अवैध असला तरी ब्राउझर अख्खा रूल टाकून देतो. लँग त्या स्यूडो-एलिमेंटच्या आधी बसायला हवा, आणि त्यासाठी पोस्टसीएसएस-सिलेक्टर-पार्सर हे वेगळे पॅकेज घ्यावे लागते. ते उत्तम आहे. एकच कोलन देऊन लिहिलेले जुने ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ही ते स्यूडो-एलिमेंट म्हणून ओळखते. व्हॅल्यूसाठी पोस्टसीएसएस-व्हॅल्यू-पार्सर घ्यावे लागते. पिक्सेलचे रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकारावर आधारित एककात) रूपांतर करताना त्याची गरज लगेच पटते: बॅकग्राउंडच्या व्हॅल्यूत चित्राच्या फाइलचे नावच ‘केळी-२४पीएक्स’ अशा धाटणीचे असेल, तर साधा शोध-बदल त्या नावालाही हात लावतो आणि चित्र गायब होते, व्हॅल्यू-पार्सरने यूआरएलचे फंक्शन ओळखून ते वगळता येते.

काही जण ही दोन पॅकेजेस टाळून रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सूत्रांवर) भागवतात. देवनागरी संकेतस्थळांवर हा मार्ग विशेष धोक्याचा आहे. क्लासचे नाव देवनागरीत लिहिणे सीएसएसच्या नियमांत पूर्णपणे वैध आहे. ‘बातमी’ किंवा ‘बाजारभाव’ अशी क्लासनावे पोस्टसीएसएस विनातक्रार वाचते. इतकेच नव्हे, इंग्रजी अंकाने क्लासचे नाव सुरू करता येत नाही, पण देवनागरी अंकाने करता येते. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘शब्दातील अक्षर’ ओळखणारी खूण मात्र फक्त इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा जाणते, त्यामुळे देवनागरी क्लासनाव तिला दिसतच नाही. युनिकोडची ‘अक्षर’ ही कोटी वापरली तरी काना, मात्रा आणि वेलांटी वेगळ्या कोटीत मोडत असल्यामुळे ‘बातमी’मधला फक्त ‘ब’ हाती लागतो. सिलेक्टर-पार्सर घेतला की हा प्रश्नच उरत नाही.

भाषेच्या बाबतीत खान्देशातल्या कामात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एखाद्या पानावर अहिराणी मजकूर असेल आणि त्याला अहिराणीचा स्वतःचा भाषासंकेत दिलेला असेल, तर मराठीचा लँग सिलेक्टर त्याला लागू होत नाही, आणि शिरोरेषा तिथे तुटलेलीच राहते. म्हणून प्लगइनला एकच भाषा ठरवून न देता भाषांची यादी द्यावी आणि प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र सिलेक्टर तयार करावा. मराठीच्या संकेताला भारताचा देशसंकेत जोडलेला असला तरी मराठीचा सिलेक्टर त्यावर चालतो, तेवढ्यासाठी वेगळी तरतूद नको.

चुका हाताळण्याच्या बाबतीत लायब्ररी कडक आहे. महिरपी कंस बंद केला नसेल तर ब्राउझर काही न बोलता पुढे जातो. पोस्टसीएसएस तिथेच थांबते आणि ओळ व स्थान यांसह चूक सांगते. मला हे आवडते, कारण वर्षानुवर्षे लपून राहिलेल्या चुका अशाच सापडतात. ज्या फाइलला दुरुस्त करण्याची परवानगी नाही, तिच्यासाठी पोस्टसीएसएस-सेफ-पार्सर आहे. तो ब्राउझरसारखा समजून घेतो. प्रॉपर्टीचे नाव चुकीचे असले तर मात्र मूळ लायब्ररी ते ओळखत नाही, ते तिचे काम नाही.

स्थापना हलकी आहे: ती फक्त तीन छोट्या पॅकेजेसवर अवलंबून आहे आणि नोड.जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीवरही चालते, त्यामुळे एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावरही काम अडत नाही. चालवताना ‘फ्रॉम’ या पर्यायात मूळ फाइलचा मार्ग अवश्य द्यावा, नाहीतर सोर्स मॅप (नव्या फाइलमधील ओळ मूळ फाइलमध्ये कुठे होती हे सांगणारी नोंद) चुकीचा बनू शकतो. अधिकृत दस्तऐवज इंग्रजीत आणि सुटसुटीत आहेत. नवशिक्याने ते वाचण्याआधी एएसटी एक्स्प्लोरर या संकेतस्थळावर आपलीच एखादी स्टाइलशीट टाकून तिचे झाड पाहावे.

पर्यायांपैकी सीएसएस-ट्री ही लायब्ररी सिलेक्टर आणि व्हॅल्यू मुळापासून फोडून देते आणि अमुक व्हॅल्यू अमुक प्रॉपर्टीला चालते का, हेही तपासते. पण ती मूळ मांडणी जपत नाही आणि वरच्या पातळीवरील उद्गारचिन्हाच्या कॉमेंट सोडल्यास बाकीच्या कॉमेंट टाकून देते. म्हणून मी तिचा उपयोग तपासणीपुरता करतो. पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांसाठी टायनीसीएसएस-२ आहे, मात्र ती टोकनच्या पातळीवर राहते आणि वरचे बरेच काम स्वतः उभारावे लागते. रस्टमध्ये लिहिलेली लाइटनिंग सीएसएस अतिशय वेगवान आहे, पण ती फाइल स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहिते. दुरुस्त केलेली फाइल गिटमध्ये नोंदवून झाली, सहकाऱ्याने ती तपासली, की सर्व्हरवर चढवण्यापूर्वी ती आकाराने लहान करण्याचे काम मी लाइटनिंग सीएसएसकडे देतो. दुरुस्तीसाठी मूळ प्रत मात्र पोस्टसीएसएसने लिहिलेलीच ठेवतो.