चकमकीचं गणित आणि आमची गच्ची: पाचव्या आवृत्तीसोबतचे दहा महिने

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या गच्चीवर पहिला डाव मांडला. आता दिवाळी तोंडावर आली आहे. एवढ्या काळात ३१ बैठका झाल्या, आणि प्रत्येक बैठकीच्या आदल्या रात्री मी वही घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतलं चकमकींचं, म्हणजे राक्षसांशी होणाऱ्या लढायांचं, गणित मांडलं. हा अनुभव त्या गणिताचा आहे, अख्ख्या खेळाचा नाही. खेळ सुंदर आहे यात मला शंकाच नाही. पण समोर किती राक्षस उभे करायचे हे ठरवताना पुस्तक कुठं साथ देतं आणि कुठं हात सोडतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारी, मी. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांचं वावडं नाही. खेळाडू चार: माझा धाकटा भाऊ फायटर (लढवय्या), शेजारच्या वहिनी ‘रोग’ (चोरपावलांनी वार करणारं पात्र), भावाचे कॉलेजातले दोन मित्र क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा) आणि विझर्ड (जादूगार). नकाशासाठी एक इंचाच्या चौकडीचं कापड आणि राक्षसांच्या जागी मागातल्या रिकाम्या कांड्या. एक चौकट म्हणजे पाच फूट.

डीएमसाठीच्या पुस्तकातली, २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधली, पद्धत अशी. प्रत्येक राक्षसाला चॅलेंज रेटिंग (सीआर), म्हणजे तो किती अवघड याचा आकडा, असतं; त्यावरून एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, ठरतात. प्रत्येक पात्राच्या लेव्हलप्रमाणे सोपी, मध्यम, अवघड आणि जीवघेणी अशा चार मर्यादा दिलेल्या आहेत. पहिल्या लेव्हलला त्या माणशी २५, ५०, ७५ आणि १०० एक्सपी. राक्षसांची बेरीज करायची आणि संख्येप्रमाणे ती वाढवायची: दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. गॉब्लिनचं सीआर पाव, एक्सपी ५०. चार गॉब्लिन म्हणजे २००, दुप्पट केले की ४००, आणि आमच्या चौघांची जीवघेणी मर्यादा बरोब्बर ४००.

पहिल्याच बैठकीत मी हेच चार गॉब्लिन झुडपात बसवले. ‘जीवघेणी’ हा शब्द मी वाचला होता, पण गॉब्लिनचे एचपी (जीव किती उरला याचे गुण) अवघे ७, तेव्हा पुस्तक उगाच घाबरवतंय असं वाटलं. तिसऱ्या फेरीत क्लेरिक आणि विझर्ड दोघंही जमिनीवर होते. गॉब्लिन बाण मारतो आणि त्याच खेळीत बोनस ॲक्शन (जादाची छोटी कृती) वापरून परत लपतो, हे मी वाचूनही मनावर घेतलं नव्हतं. भाऊ ओरडला, “ताई, काय करायलीस, संपलो की आम्ही!” वहिनींनी शेवटचा गॉब्लिन मारला तेव्हा त्यांचे २ एचपी उरले होते. त्या दिवशी गणित खरं ठरलं, आणि त्याच्यावर माझा विश्वास बसला.

२०२४ च्या नव्या गाइडमध्ये हा पटीचा भाग काढून टाकला आहे. आता कमी, मध्यम आणि जास्त अशा तीनच पायऱ्या. पहिल्या लेव्हलला माणशी ५०, ७५ आणि १००. राक्षसांची नुसती बेरीज करायची. म्हणजे तेच चार गॉब्लिन, तेच २०० एक्सपी, आता चौघांसाठी सर्वात खालच्या पायरीवर बसतात. जुनं पुस्तक ज्याला जीवघेणं म्हणतं, त्याला नवं पुस्तक किरकोळ म्हणतं. बेरीज सोपी झाली हे मान्य, आणि पाचव्या लेव्हलनंतर पटीमुळे आकडे फुगायचे हेही खरं. पण पहिल्या दोन लेव्हलसाठी मी अजून जुनीच पद्धत वापरते. जमिनीवर पडलेली ती दोन पात्रं मी पाहिली आहेत.

आता एक चूक सांगते. ती पुस्तकाची नाही, माझी. दुसऱ्या लेव्हलला मी एक ओग्रे आणला. ४५० एक्सपी, चौघांसाठी मध्यम. ओग्रेच्या दंडुक्याचा फटका सरासरी १३ चा, आणि वहिनींच्या रोगचे एचपी होते १५. वीस बाजूंचा फासा टाकला, २० आला. क्रिटिकल, म्हणजे माराचे फासे दुप्पट, सरासरी २२. डीएमचे फासे झाकायच्या पडद्याआड मी तो फासा बोटानं उलटवला आणि “चुकला” म्हणाले. वहिनी काही बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर भांडी आवरताना म्हणाल्या, “अगं, तू मला पडूच देणार नसशील, तर मी जपून कशाला खेळू?” त्यांना कडेनं फासा दिसला होता. मी त्या रात्री नीट झोपले नाही. पुढच्या रविवारपासून पडदा काढला आणि सगळे फासे कापडाच्या मधोमध टाकायला लागले.

उघड्या फाशांमुळे गणिताची खरी परीक्षा सुरू झाली, कारण आता सावरायला मी नव्हते. तिसऱ्या लेव्हलला मी शॅडो (सावलीसारखे राक्षस) आणले. सीआर अर्धा, एक्सपी १००, सहा शॅडो. दुप्पट करून १२००. चौघांची अवघड मर्यादा ९०० आणि जीवघेणी १६००. कागदावर सगळं जागच्या जागी. पण शॅडोचा प्रत्येक फटका एचपीसोबत शक्तीही (पात्राचा स्ट्रेंथचा आकडा) खातो, दर वेळी १ ते ४, आणि शक्ती शून्यावर आली की पात्र मरतं. बेशुद्ध पडत नाही, मरतं. आमच्या विझर्डची शक्ती ८. तीन फटके बसले: ४, १ आणि ३. २० पैकी ५ एचपी अजून शिल्लक होते आणि पात्र संपलं. गच्चीवर कुणीच काही बोललं नाही. मग तो मुलगाच म्हणाला, “फासा सगळ्यांनी बघितला, ताई,” आणि त्यानं आपला कागद दुमडून ठेवला. पुढच्या आठवड्यात तो नवा विझर्ड घेऊन आला.

माझी पहिली मोठी तक्रार इथं आहे. सीआर प्रामुख्यानं दोन गोष्टी मोजतं: राक्षस किती मार देतो आणि किती मार सोसतो. समोरच्या पात्राची दुबळी जागा कुठली, हे त्या आकड्याला माहीत नसतं. फायटरची शक्ती १६ असते, विझर्डची ८, आणि शॅडो दोघांसाठी सारखाच अर्धा सीआर. तेव्हापासून मी एक्सपीच्या शेजारी प्रत्येक राक्षसापुढे एक ओळ लिहिते: एचपी सोडून हा काय काढून घेतो? शक्ती, हालचाल, बोलणं, की सरळ जीव? ही एक ओळ मला सगळ्या कोष्टकांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

दुसरी तक्रार उलट्या बाजूची. उन्हाळाभर मी एक खलनायक रंगवला होता. त्याची पत्रं, त्याचे हस्तक, त्यानं जाळलेलं गाव. पाचव्या लेव्हलला गाठ पडली तेव्हा त्याच्यासाठी पुस्तकातला ‘मेज’ हा तयार जादूगार घेतला: सीआर ६, २३०० एक्सपी, एचपी ४०. चौघांची मध्यम मर्यादा २०००, अवघड ३०००. एकटाच उभा केला, कारण मला तो एकटाच शोभेल असं वाटलं. क्लेरिकनं होल्ड पर्सन हा जखडून टाकणारा स्पेल (मंत्र) टाकला, मेजचा सेव्ह, म्हणजे त्यातून वाचायचा फासा, चुकला. जखडलेल्या शत्रूला जवळून लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल असतो. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे दोन वार, ॲक्शन सर्ज या जादा कृतीचे आणखी दोन, वर रोगचा स्नीक ॲटॅक, म्हणजे संधी साधून दिलेला जास्तीचा मार. त्याची पहिली खेळी येण्याआधीच तो संपला. पोरं नाचली आणि त्यांचा आनंद खराच होता, पण मला तीन महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर विरघळताना दिसली.

तिथं मला कळलं की चकमकीत खरं चलन एचपी नाही, खेळ्या आहेत. एका फेरीत त्यांच्याकडे चार जणांच्या खेळ्या आणि माझ्याकडे एक. एकट्या राक्षसाचे एचपी वाढवून हे सुटत नाही, नुसती मारामारी लांबते आणि सगळे जांभया देतात. पुस्तकात मोठ्या ड्रॅगनसारख्यांना लेजेंडरी ॲक्शन दिल्या आहेत, म्हणजे दुसऱ्याची खेळी संपली की त्यांना मधे काहीतरी करता येतं, आणि सेव्ह चुकला तरी तो पास ठरवायची सोय आहे. हे लहान लेव्हलच्या खलनायकांना का दिलं नाही हे मला अजून पटलेलं नाही. मी आता सरळ देते: एक जादा खेळी आणि जोडीला किमान दोन पहारेकरी.

तिसरी गोष्ट दिवसाची, आणि नव्या डीएमनं सगळ्यात आधी हीच समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. २०१४ चं गणित एका चकमकीचं नाहीच. ते असं धरून चालतं की पात्रं एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी झेलतील आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) घेतील. आमची बैठक साडेतीन तासांची. त्यात दोन चकमकी होतात, कारण मधे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही येतं, आणि ते थांबवणं मला शक्य नाही. मग काय व्हायचं? दोन चकमकी, मग रात्रभर झोप (लाँग रेस्ट), आणि सगळे स्पेल पुन्हा ताजे. विझर्ड पहिल्याच फेरीत फायरबॉल (अनेकांना एकदम भाजणारा स्पेल) टाकायचा कारण साठवून ठेवायचं कारणच नव्हतं. भावाच्या फायटरला तलवार उपसायला वाव मिळत नव्हता आणि तो हळूहळू रुसायला लागला होता.

उपाय त्याच गाइडमध्ये मिळाला, पर्यायी नियमांत. शॉर्ट रेस्ट म्हणजे एका तासाऐवजी ८ तास आणि लाँग रेस्ट म्हणजे ७ दिवस. आता रात्रीची झोप ही शॉर्ट रेस्ट आणि गावात आठवडाभर मुक्काम ही लाँग रेस्ट. म्हणजे ‘एक दिवस’ आमच्या तीन-चार रविवारांवर पसरतो. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट (फायरबॉलसारखे स्पेल टाकायच्या संधी) दोनच, ते अख्ख्या आठवड्यासाठी पुरवायचे. फायटरचा ॲक्शन सर्ज मात्र रोज सकाळी परत. भावाची कळी खुलली. तोटाही आहे: मेज आर्मरसारखे (जादूचं चिलखत) आठ तास टिकणारे स्पेल फार महाग पडतात, त्यांची मुदत मला वाढवून द्यावी लागली. पण ह्या एका बदलानं गणित पुन्हा खरं बोलायला लागलं.

जमिनीबद्दल एक प्रयोग सांगते. पाचव्या लेव्हलला आठ गॉब्लिन: ४००, अडीचपट करून १०००, म्हणजे सोपी चकमक. पहिल्यांदा ते उघड्या माळावर आले. एक फायरबॉल, सरासरी २८, सेव्ह केला तरी १४, आणि त्यांचे एचपी ७. आठही गेले. महिन्यानं मी तेच आठ गॉब्लिन किल्ल्यात बसवले. एका रविवारी सकाळी आमच्या भुईकोटावर जाऊन दुहेरी तटबंदी बघून आले होते, कागदावर तसाच नकाशा काढला. बाहेरच्या तटावर तीन, आतल्या तटावर पाच, एकमेकांपासून लांब. जंगीतून बाण मारणाऱ्याला थ्री-क्वार्टर कव्हर (पाऊण आडोसा), म्हणजे त्याचं आर्मर क्लास, वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ वरून २०. धनुष्याचा पल्ला ८० फूट. दोन्ही फायरबॉल खर्च झाले, त्यात मेले तीन. वहिनींनी दोरानं तट चढून आतून दार उघडलं तेव्हा कुठं सुटका झाली. सोपी म्हणून लिहिलेली ही चकमक आमच्या दहा महिन्यांतली सगळ्यात आवडती ठरली. एक्सपीमध्ये ह्या तटबंदीची किंमत शून्य धरली होती.

शेवटचा बदल जुन्या जमान्यातून उचलला. ह्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला मोराल (धीराचा आकडा) असायचं, २ ते १२. पहिला साथीदार पडला की आणि निम्मे पडले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. हे परत आणल्यावर चकमकी दोन-तीन फेऱ्यांनी आटोपतात आणि शरण आलेल्या गॉब्लिनशी बोलावं लागतं. शेवटच्या कांडीपर्यंत ठोकत बसणं बंद झालं.

मधे दोन महिने पाथफाइंडर ह्या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्तीही खेळून बघितली. चौघांसाठी ८० एक्सपीची चकमक मध्यम, १२० कठीण, १६० टोकाची, आणि हे आकडे खरोखर पाळले जातात, कारण तिथं लेव्हल बहुतेक फाशांत मिळवली जाते. गणित म्हणून ते सरस आहे. पण वरच्या लेव्हलच्या एकट्या शत्रूपुढे वहिनींचे वार सारखे चुकायचे आणि नियमांचा भार आमच्या रविवारला पेलला नाही. परत आलो.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवात फुकट होते. एसआरडी ५.१, म्हणजे मूळ नियमांचा फुकट संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या मुक्त परवान्याखाली खुलं आहे. मी वर सांगितलेले गॉब्लिन, ओग्रे, शॅडो आणि मेज सगळे त्यात आहेत. आधी ते वाचा, चार बैठका घ्या, मग गाइड विकत घ्यायचं का ते ठरवा.

आमचे चौघं आता सहाव्या लेव्हलवर आहेत. शॅडोनं मारलेल्या माणसाची काही तासांनी नवी शॅडो होते, हे पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि परवा क्लेरिकनं विचारलं, “ताई, आपला तो पहिला विझर्ड अजून तिथंच असेल का?” येत्या रविवारी ते त्याला शोधायला निघाले आहेत. मी वहीत मांडून बघितलं: एक शॅडो, १०० एक्सपी. चौघांसाठी सोप्या मर्यादेच्या पार खाली. नव्या विझर्डची शक्तीही ८ च आहे, आणि ह्या वेळी वहिनींनी आधीच बजावलंय की त्याला मधे ठेवून चालायचं.