सहा महिन्यांचं भाडं रोख मिळालं आणि मी गप्प बसले
कसबा बावड्यात आमचं घर आहे. हे गेल्यापासून खालच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर माझं भागतं. मागच्या वर्षी एका एजंटनं तिशीतला एक जण आणला, बोलायला गोड. "काकू, मसाला पॅकिंगचं छोटं काम आहे, कसला त्रास नाही." सहा महिन्यांचं भाडं त्यानं रोख पुढ्यात ठेवलं. मी नोटा मोजत बसले. आधी कुठं राहत होता, हे विचारायचं राहूनच गेलं. एजंट म्हणाला, "रजिस्टर कशाला करताय? स्टँपवर नोटरी करू, भागतंय." तेही ऐकलं.

महिन्याभरात खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. दिवसा कुलूप, रात्री एकनंतर दिवे बंद करून गाडी यायची. आणि वास! दर उन्हाळ्यात चटणी कुटून आणणारी बाई मी, मिरचीचा ठसका मला कळतो. हा वास गोडसर, अत्तरासारखा होता, दांडीवरच्या साडीलाही लागायचा. शंका आली होती, खोटं कशाला बोलू? पण आगाऊ घेतलेले पैसे परत कुठून देणार? दोन महिने तशीच राहिले.

एका पहाटे पोलीस आले. आत सुपारीची पोती, गुटखा, छापील पुड्यांचे रोल. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. तो रात्रीच पळाला होता, आधारची झेरॉक्सही बनावट निघाली. जबाबाला तीन हेलपाटे झाले. "तुमच्याच घरात, आणि तुम्हाला माहीत नाही?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाचीच असते, हे मला तेव्हा कळलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्यात कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आधारवरचा क्यूआर कोड सरकारी ॲपवर तपासता येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. यातलं एकही मी केलं नव्हतं.

शंका आली तर स्वतः कुलूप फोडू नका, लाईट-पाणीही तोडू नका, उलट आपल्यावरच केस होते. पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तो अजून सापडलेला नाही, म्हणजे कुठंतरी खोली बघतच असणार. पॅकिंगचं काम सांगून कुणी रोख आगाऊ भाडं पुढ्यात ठेवलं, तर नोटांना हात लावायच्या आधी त्याचं आधार तपासा.