‘हे यात बसत नाही’ म्हणणाऱ्या नवी पेठेतल्या टॅक्सवाल्या मॅडम

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघते. नोकरी आणि लेकीची शाळा सांभाळून एमबीए केलं. दोन वर्षं शनिवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचं, रविवारी रात्री परत. त्यासाठी बँकेकडून ११,२५,००० रुपयांचं शिक्षणकर्ज काढलं. एप्रिल २०२३ पासून महिन्याला १५,३४० रुपयांचा हप्ता सुरू झाला. हे आधी सांगते, कारण या कर्जामुळेच मी त्या मॅडमपर्यंत पोचले.

पहिल्या वर्षी रिटर्न दुसऱ्या एकाकडे भरलं होतं. मी कर्जाचे कागद घेऊन गेले होते, त्याने फाईल उघडलीही नाही. “कॉलेजचं आता काही मिळत नाही ताई,” म्हणाला आणि नवीन कररचनेत, म्हणजे बहुतेक वजावटी मिळत नाहीत त्या पद्धतीने, रिटर्न भरून टाकलं. पगारातून कापलेले २९,१२० रुपये सरकारजमा झाले. मी विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी कारखान्यातल्या एका मैत्रिणीने नवी पेठेतलं हे ऑफिस सांगितलं. कापडदुकानांच्या मधल्या अरुंद जिन्याने वर गेलं की एक खोली, दोन टेबलं, भिंतीला लागून बाक. मॅडमनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय, सीझनला आहे तीच गर्दी आवरत नाही त्यांना. म्हणून नाव लिहीत नाही. पण जे बघितलं ते सगळं लिहिते.

पहिल्या दिवशी बाकावर तासभर बसले आणि त्या तासातच निम्मं समजलं. माझ्या आधी शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता. एका कंपनीत इंटर्नशिप केलेली, मिळालेल्या १,८०,००० वर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापतात तो कर, गेलेला. त्याने विचारलं, “मॅडम, कॉलेजची फी मीच भरली, तिची सूट मला मिळेल ना?” मॅडम म्हणाल्या, “हे यात बसत नाही बाळा. आयकराच्या ८०सी कलमात फी धरतात ती मुलांची, म्हणजे आईबापाने भरलेली. स्वतःच्या शिक्षणाची फी स्वतःला धरता येत नाही. वडिलांनी भरली असती तर वडिलांना मिळाली असती. तुझं उत्पन्नच मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे कापलेला टीडीएस पूर्ण परत येईल, तेवढा घेऊ.” मुलगा थोडा हिरमुसला, पण १८,००० परत येणार हे कळल्यावर खुलला.

मला ते ऐकून धक्काच बसला, कारण मीही तेच धरून आले होते. माझी आतेबहीण अमेरिकेतच जन्मलेली, तिथेच कॉलेजला. तिचं कॉलेज १०९८-टी नावाचा फॉर्म देतं आणि पदवीच्या पहिल्या चार वर्षांत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत रक्कम थेट भरायच्या करातून वजा होते. आपल्याकडेही तसंच असेल असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मॅडमनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं: तिथे सूट करातून, आपल्याकडे वजावट उत्पन्नातून. दहा हजारांची वजावट म्हणजे दहा हजार हातात नव्हेत. तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दोन हजार आणि वरचा सेस म्हणजे उपकर, एवढंच.

मग माझी फाईल. एमबीएची फी बाजूला गेली, पण कर्जाचं व्याज ८०ई कलमात बसत होतं. त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. स्वतःच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आणि मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज चालतं, आणि व्याज फेडायला लागल्याच्या वर्षापासून आठ वर्षं ही वजावट मिळते. मी उत्साहाने सांगितलं, वर्षाचे १,८४,०८० रुपये हप्ते भरलेत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हप्ता नाही, त्यातलं व्याज. मुद्दल यात बसत नाही. बँकेतून व्याजाचं सर्टिफिकेट आणा.”

ते आणायला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या कागदावर पुढच्या वर्षाचा अंदाज होता, प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाचा आकडा नव्हता. मॅडमनी तो परत केला. उन्हातून दुसऱ्यांदा जाताना राग आला होता, तो दुसरा कागद हातात पडल्यावर गेला: मार्च २०२५ अखेरच्या वर्षात भरलेलं व्याज १,१०,३००. कर्ज मंजुरीचं पत्र, खाते क्रमांक, शिल्लक रक्कम हेही त्यांनी घेतलं, कारण रिटर्नमध्ये ते सगळं भरावं लागतं. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो तेही विचारलं. माझ्याच पगाराच्या खात्यातून जातो म्हटल्यावर मान हलवली आणि पुढे गेल्या.

माझ्या मिस्टरांच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणत होते की पतसंस्थेतून कमी कटकटीत कर्ज मिळतं, बँकेचं फेडून टाका. मी सहज विषय काढला. “असं काही करू नका. कर्ज बँकेचं, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं लागतं. पतसंस्थेकडे गेलात की हे व्याज गेलं.” आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, अडीनडीला माणूस आधी तिथेच जातो. ही एक गोष्ट किती जणांना माहीत असेल?

लेकीच्या शाळेच्या पावतीवर तर त्या दहा मिनिटं थांबल्या. एकूण रक्कम ५८,०००. डेव्हलपमेंट फी बाजूला, बसचे पैसे बाजूला, स्नेहसंमेलनाची वर्गणी बाजूला. उरली ट्यूशन फी ४१,५००. पीएफ ४८,६००, एलआयसीचा हप्ता ३६,०००, पीपीएफमध्ये टाकलेले २४,००० आणि ही फी, मिळून १,५०,१००. ८०सी ची मर्यादा दीड लाख, म्हणजे ती तंतोतंत भरली. शंभर रुपये वाया गेले, एवढंच.

आता हिशेब देते, कारण माझ्यासारख्या कुणाला तो ताडून बघता येईल. वर्षाचा पगार ८,१०,०००. कारखान्याने नवीन कररचना धरून २४,४४० रुपये कापले होते. मीच काही कळवलं नव्हतं, आणि न कळवल्यास नवीनच धरतात. जुन्या कररचनेत: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, व्याजाचे १,१०,३००. करपात्र उत्पन्न उरलं ४,९७,२००. पाच लाखांच्या आत असल्याने सवलतीनंतर कर शून्य. कापलेला सगळा पैसा परत. मी तो आकडा दोनदा वाचला. बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, “काय झालं पोरी?” तर डोळ्यांत पाणी आलेलं मलाच कळलं नव्हतं. त्या दोन वर्षांचे शनिवार-रविवार आठवले असतील, दुसरं काय.

मग मी गेल्या वर्षीच्या २९,१२० बद्दल विचारलं. मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. पगारदाराला जुनी पद्धत निवडायची तर रिटर्न मुदतीत भरताना निवडावी लागते, सुधारित रिटर्नची मुदत गेली होती, आणि त्यानंतर भरता येतं ते अपडेटेड रिटर्न भरून कर कमी करता येत नाही. ते पैसे गेले. मी गप्प बसले तेव्हा म्हणाल्या, “टेन्शन कशाला घेलालाव? औंदाचं तर हातात आलं.”

रिटर्न ८ ऑगस्टला भरलं, आधार ओटीपीने तिथेच व्हेरिफाय केलं. महिन्याच्या आत रिफंड आला, वर थोडं व्याजही. फी घेतली ८०० रुपये, यूपीआयने. रिफंडवर टक्केवारी मागितली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण कारखान्यात दोघांनी रिफंडच्या दहा टक्के देऊन भलत्याच देणग्या लावून घेतल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी लावणाऱ्यांविरुद्ध देशभर मोहीम काढली तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. ऑफिस दुपारी चारनंतरच उघडतं आणि सहानंतर फोन उचलत नाहीत. नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, मी पार्क चौकाकडे लावून चालत गेले. हिशेबाचा कागद मागितल्याशिवाय देत नाहीत, तो मागून घ्याच. मॅडम भराभर बोलतात. एका विणकर काकांशी तेलुगूत, लगेच दुसऱ्याशी कन्नडमध्ये, मग माझ्याशी मराठीत, त्यात दोन वाक्यं सुटतात. पुन्हा विचारलं तर सांगतात, वैतागत नाहीत.

निघताना मी म्हटलं, पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच सर्टिफिकेट घेऊन येते. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. २०२५-२६ साठी नवीन कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट. “तुमचा पगार वाढून नऊ लाख झाला तरी नवीनमध्येच शून्य. ८०ई ची गरज पडणार नाही. कारखान्यात काही बदलू नका. रिटर्न मात्र भरा, आणि साधं आहे, तुमचं तुम्हाला जमेल.” मग पोर्टलवर कुठे काय भरायचं ते हिशेबाच्या कागदाच्या मागे लिहून दिलं. तो कागद मी कर्जाच्या फाईलला टाचून ठेवला आहे.